निकालाचा अंदाज सांगणारी सेवा: एका वर्गशिक्षिकेच्या वापरातून

सराव परीक्षांचे मार्क भरा, अंतिम परीक्षेत किती पडतील ते आम्ही सांगतो, असं म्हणणाऱ्या ऑनलाइन सेवा आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांतली एक आमच्या शाळेने घेतली. शेवटच्या वर्गाची वर्गशिक्षिका आणि गणिताची शिक्षिका म्हणून ती माझ्याकडे आली आणि वर्षभर मी ती वापरली. तिचं नाव लिहीत नाही. अशा बहुतेक सेवांमागचं गणित एकाच जातीचं असतं, त्यामुळे इथे लिहिलेलं तुमच्यासमोर येणाऱ्या दुसऱ्या एखाद्या सेवेलाही लागू पडेल.

माझं मत आधीच सांगते. शिक्षकासाठी ही सेवा चांगली आहे, आणि प्रश्नवार मार्क भरायची तयारी असेल तर फारच चांगली आहे. मात्र तिचं पहिलं पान मुलाच्या किंवा पालकांच्या हातात जसंच्या तसं देऊ नये. या परीक्षणाचा मोठा भाग त्या पहिल्या पानाबद्दलच आहे, कारण विकणारे तेच दाखवतात आणि घेणारेही तेच बघून घेतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं पान समोर ठेवून लिहिते. तिच्या गणिताच्या सराव परीक्षांची सरासरी १०० पैकी ७०. पानाच्या मधोमध, तळहाताएवढ्या आकारात, ७४ हा आकडा. त्याच्याभोवती पिवळं वर्तुळ. खाली बारीक राखाडी अक्षरांत "६० ते ८८". त्याच्याही खाली, पान वर सरकवलं तरच दिसेल अशा जागी, "७५ किंवा अधिक मिळण्याची शक्यता ४४ टक्के". या तीन गोष्टींपैकी खरी माहिती दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत आहे. मुलगी, तिचे आईवडील आणि शाळेतले माझे काही सहकारीसुद्धा बघतात ते ७४. मुलीने मला विचारलं, "मॅडम, एकच मार्क कमी पडतोय ना?" तिच्या पुढच्या प्रवेशाची अट ७५ ची आहे. एका मार्काचं अंतर तिला खरं वाटलं होतं आणि पानाच्या मांडणीमुळे ते तसं वाटणं साहजिक होतं.

हा ७४ येतो कुठून? मागच्या काही वर्षांतल्या मुलांचे सराव परीक्षेचे मार्क आणि त्यांचे अंतिम मार्क आलेखावर मांडायचे, त्या ठिपक्यांमधून उत्तम बसणारी सरळ रेघ काढायची आणि नव्या मुलाचा मार्क त्या रेघेवर वाचायचा. मूळ काम एवढंच. आमच्या गणिताच्या बाबतीत सेवेने मागच्या तुकड्यांवरून धरलेले आकडे असे: सराव परीक्षेची सरासरी ५८, अंतिम परीक्षेची ६६. सरावातल्या मार्कांचं प्रमाण विचलन, म्हणजे मार्क सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, १५; अंतिमचं १२. दोन्हींमधला सहसंबंध, म्हणजे दोन्ही मार्क किती बरोबरीने वरखाली होतात त्याचं माप (पूर्ण जुळले तर १), ०.८, म्हणजे चांगलाच घट्ट. यावरून रेघेचा चढ ०.८ गुणिले १२ भागिले १५, म्हणजे ०.६४. सरावात सरासरीपेक्षा एक मार्क जास्त असेल तर अंतिममध्ये ०.६४ मार्क जास्त धरायचा. मुलीचे ७० हे ५८ पेक्षा १२ ने जास्त; १२ गुणिले ०.६४ म्हणजे साधारण ८. ६६ मध्ये ८ मिळवले की ७४. कागदावर पेन्सिलीने दोन मिनिटांत होतं. हे करून बघा असं मी प्रत्येक शिक्षकाला सांगेन, म्हणजे पडद्यावरच्या आकड्याचा दबदबा राहत नाही.

आता तो राखाडी "६० ते ८८". सहसंबंध ०.८ असला तरी ठिपके रेघेवर बसलेले नसतात, तिच्या वरखाली पसरलेले असतात. तो पसारा किती, तेही काढता येतं: १ मधून ०.८ चा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतलं की ०.६; मग १२ गुणिले ०.६, म्हणजे सुमारे ७ मार्क. सरावात ७० मिळवलेल्या मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलं ६७ ते ८१ मध्ये येतील, आणि वीसातली एकोणीस ६० ते ८८ मध्ये. ६० आणि ८८ यांत केवढा फरक आहे बघा. एकीकडे पुढचे बरेच दरवाजे बंद, दुसरीकडे बहुतेक उघडे. हा सेवेचा दोष नाही. ०.८ एवढ्या सहसंबंधातून याहून अरुंद पट्टा निघूच शकत नाही, कोणीही कितीही भारी यंत्र लावलं तरी. दोष आहे तो मांडणीत: जे ठामपणे सांगता येत नाही ते मोठ्या अक्षरात आणि जे ठामपणे सांगता येतं ते बारीक.

इथेच जाहिरातीतल्या "९५ टक्के अचूक" या दाव्याकडे नीट बघायला हवं. माहितीपत्रकात तो ठळक छापलेला होता. मी प्रतिनिधीला विचारलं, अचूक म्हणजे किती मार्कांच्या आत? बरीच विचारपूस झाल्यावर उत्तर आलं की, दाखवलेल्या पट्ट्याच्या आत. पट्टाच मुळात वीसातली एकोणीस मुलं मावतील असा आखलेला असतो. मग ९५ टक्के मुलं त्यात आली तर पट्टा नीट आखला होता एवढंच कळतं, अंदाज किती उपयोगाचा ते कळत नाही. पट्टा ० ते १०० असा ठेवला तर १०० टक्के अचूकता मिळेल. म्हणून विचारायचा प्रश्न असा: पट्ट्याची रुंदी किती, आणि त्या रुंदीत किती मुलं बसली? दोन्ही आकडे एकत्र सांगितले नाहीत तर टक्केवारीला काही अर्थ नाही.

हुशार मुलांच्या घरून सर्वांत जास्त तक्रारी आल्या त्या वेगळ्याच गोष्टीवर. सरावात ९७ मिळवणाऱ्या मुलाला सेवा ९१ चा अंदाज देते. घरचे म्हणतात, आमच्या मुलाचे सहा मार्क कापले कशासाठी? आणि सरावात ४० मिळवणाऱ्याला तीच सेवा ५४ देते, तिथे कोणी काही म्हणत नाही. दोन्हीमागे एकच कारण आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची मापं मांडून दाखवलं की खूप उंच आईवडिलांची मुलं सरासरीहून उंच असतात, पण आईवडिलांइतकी सरासरीपासून लांब नसतात. मार्कांचंही तसंच. ९७ मिळालेल्या दिवशी त्या मुलाचं कर्तृत्व तर होतंच, पण सोयीचे प्रश्न आले होते, हात चालला होता, एकही बेरीज चुकली नव्हती. हे सगळं पुन्हा एकाच दिवशी जुळून येईल असं धरता येत नाही. म्हणून अशा मुलांचा गट घेतला तर त्याची सरासरी मध्याकडे सरकते. या एका मुलाला ९८ पडूही शकतात. हे मी पालकसभेत फळ्यावर ठिपके काढून समजावलं आणि पालकांना ते पटलं. सेवेच्या पानावर मात्र याबद्दल एक ओळसुद्धा नाही. कंपनीने ती घालायला हवी.

आता खऱ्या अडचणीकडे येते. सूत्र ठीक आहे, पण सूत्रात जाणारा मार्क कुठून आला हे विचारायला सेवेत जागाच नाही. परीक्षेचं नाव, तारीख, एकूण गुण, मिळालेले गुण, एवढेच रकाने. पेपर कोणी काढला, कोणी तपासला, किती धडे होते, हे भरायची सोयच नाही. आमच्या एका सराव परीक्षेत मागच्या एका वर्षाचा जुना पेपर जसाच्या तसा दिला गेला होता. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी तो आधी घरी सोडवलेला होता. मार्क भरभरून पडले, सेवेने सगळ्यांसमोर वर जाणारे हिरवे बाण काढले आणि शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस समाधान होतं. त्या बाणांमागे नवं शिकणं फार थोडं होतं.

तपासणीचा फरक तर याहून मोठा. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२ साली अमेरिकेत एकाच इंग्रजी उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांतल्या शिक्षकांना तपासायला पाठवल्या. त्याच उत्तरांना कोणी ६४ दिले, कोणी ९८. भाषेत असं होणारच, असं म्हणावं तर पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली आणि तिथे तफावत याहूनही जास्त निघाली. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. पायऱ्यांना मार्क द्यायचे की उत्तराला, आकृतीला नावं दिली नाहीत तर अर्धा कापायचा की नाही, यावर एकाच शाळेतल्या दोन शिक्षकांचं एकमत नसतं. माझ्या वर्गात पहिला पेपर मी तपासला, नंतरचा एक पेपर ज्या सहकाऱ्यांनी तपासला त्यांचा हात माझ्यापेक्षा सैल. सेवेला वाटलं वर्गाची प्रगती झाली.

त्यात भर म्हणजे सेवा शेवटच्या परीक्षेला बाकीच्यांपेक्षा जास्त वजन देते. यामागचा विचार मला कळतो: ताज्या मार्कात ताजी तयारी दिसते. पण एका पेपरवर भिस्त ठेवण्यात धोका असतो. स्पीअरमन आणि ब्राउन या दोघांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे मांडलेलं एक सूत्र आहे. एकेका पेपरची विश्वसनीयता, म्हणजे तसाच पेपर पुन्हा घेतला तर मार्क किती जुळतील त्याचं माप, ०.७ असेल तर तशाच तीन पेपरांच्या सरासरीची विश्वसनीयता ०.८७५ होते. एवढा फायदा फक्त सरासरी काढून मिळतो. शेवटच्याच पेपरला निम्मं वजन दिलं की त्यातला काही भाग हातचा जातो. माझ्या मते पेपर सारख्या काठिण्याचे आणि पूर्ण अभ्यासक्रमावरचे असतील तर साधी सरासरीच घ्यावी, आणि अर्ध्या अभ्यासक्रमावरचा पेपर हिशेबातच धरू नये. सेवेच्या सेटिंगमध्ये वजन बदलता येतं, ही चांगली गोष्ट आहे. ते पान मात्र शोधावं लागतं.

गैरहजेरीचा घोळ वेगळाच. वर्गातला एक मुलगा तापामुळे एका सराव परीक्षेला नव्हता. मार्कांची फाइल चढवताना त्याचा रकाना रिकामा ठेवला. सेवेने रिकाम्या जागी शून्य धरलं. त्या मुलाचा अंदाज कोसळला, वर्तुळ लाल झालं आणि "तातडीने लक्ष द्या" असा निरोप आपोआप त्याच्या आईच्या फोनवर गेला. आई दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. मदतकेंद्राला फोन केला तर ते नम्रपणे बोलले आणि गैरहजेरीची खूण दुसऱ्याच एका यादीत करायची असते हे त्यांनी सांगितलं. दुरुस्ती तासाभरात झाली. पण कोणाही माणसाच्या नजरेखालून न जाता असा निरोप घरी जाऊच कसा शकतो? पालकांना आपोआप निरोप पाठवण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करा. ही सोय सेवा घेताना चालू स्थितीतच मिळते.

आता सेवेच्या बाजूने. हा भाग मला मनापासून लिहायचा आहे, कारण आम्ही शिक्षक स्वतःच्या अंदाजावर फार विसंबतो. इंग्लंडमध्ये विद्यापीठं प्रवेशाचे प्रस्ताव शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणी बघून देतात. गिल वाइनेस यांनी २०१६ साली अशा वर्तवलेल्या श्रेणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम तीन विषय धरले तर शिक्षकांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला तो फक्त १६ टक्के अर्जदारांच्या बाबतीत. ७५ टक्क्यांच्या बाबतीत अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त होता. त्यातली मला सर्वांत लागलेली गोष्ट ही की, उत्तम निकाल मिळवणाऱ्यांमध्ये गरीब घरच्या मुलांबद्दल कमी अंदाज बांधला जाण्याचं प्रमाण अधिक होतं. शिक्षकाच्या मनात मुलाची वही, बोलणं, बहिणीचा निकाल, सगळं मिसळलेलं असतं. सेवेला यातलं काही माहीत नसतं. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एक अबोल मुलगा मी मधल्या फळीतला धरून चालले असते. सेवेने तो वरच्या पाचात दाखवला, मी त्याच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढून बघितल्या आणि सेवेचं म्हणणं बरोबर होतं. एवढ्यासाठीसुद्धा ही सेवा मी पुन्हा घेईन.

पण याच सेवेत एक खूण करायची चौकट आहे, "शाळेचे मागील निकाल विचारात घ्या". ती मी काढून टाकली आणि तुम्हीही काढा. २०२० साली महामारीमुळे इंग्लंडमध्ये परीक्षा झाल्या नाहीत, तेव्हा ऑफक्वाल या नियामक संस्थेने शिक्षकांनी लावलेला मुलांचा क्रम आणि शाळेचे आधीचे निकाल यांवरून श्रेणी ठरवल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ ४० टक्के श्रेणी खाली आणल्या गेल्या होत्या. ज्या शाळेत आजवर कोणाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नव्हती, तिथल्या गुणी मुलालाही ती मिळणं जवळपास अशक्य झालं. उलट एखाद्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी मुलं असतील तिथे शिक्षकांचीच श्रेणी कायम राहिली, त्यामुळे छोटे वर्ग असलेल्या शाळांचा फायदा झाला. मुलं रस्त्यावर आली आणि १७ ऑगस्टला तो हिशेब मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य केल्या गेल्या. चारच दिवसांत. शाळेचा इतिहास मुलाच्या खात्यावर मांडला की काय होतं ते सगळ्या जगाने तेव्हा पाहिलं. एवढी मोठी गोष्ट आमच्या सेवेत एका छोट्या चौकटीत बसवलेली आहे आणि तीही आधीच खूण करून ठेवलेली.

सेवेची परीक्षा कशी घ्यायची याची रीत सांगते, कारण हे कोणीही करू शकतं. मागच्या तुकडीचे सराव परीक्षेचे मार्क भरले, निकाल माझ्याकडे होताच. एका बाजूला सेवेचा अंदाज लिहिला, दुसऱ्या बाजूला अगदी साधा अंदाज: मुलाची सरावाची सरासरी अधिक आधीच्या वर्षी पूर्ण वर्गाचे जितके मार्क वाढले होते तितके. गणित आणि विज्ञानात सेवा या साध्या रीतीपेक्षा सरस निघाली, मुख्यतः अगदी वरच्या आणि अगदी खालच्या मुलांच्या बाबतीत. भाषांमध्ये मला फरक दिसला नाही. निबंध आणि आकलनाचे प्रश्न असलेल्या विषयांत सेवेच्या भरवशावर राहू नये असं माझं मत त्यावरून बनलं.

टक्क्यांची पारख वेगळी करावी लागते. "४४ टक्के शक्यता" हे एका मुलीच्या बाबतीत खरं की खोटं ठरवता येत नाही. तिला ७५ पडतील किंवा पडणार नाहीत. ज्यांना ज्यांना चाळीस ते पन्नास टक्के सांगितलं त्या सगळ्यांचा गट करायचा आणि त्यातल्या निम्म्याहून जरा कमी मुलांना खरंच ७५ पडले का ते बघायचं. हवामानाच्या अंदाजांसाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली यासाठी एक माप दिलं, ते इथे छान चालतं. सांगितलेली शक्यता आणि घडलेलं यांतल्या फरकाचा वर्ग करायचा. ०.९ सांगितलं आणि घडलं तर ०.०१, ०.९ सांगितलं आणि घडलं नाही तर ०.८१. सगळ्यांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकी सेवा चांगली. या मापाने मला दिसलं की मधल्या शक्यता सेवा प्रामाणिकपणे सांगते, पण "९५ टक्के" म्हणताना जरा जास्तच छातीठोक असते. तेवढं वजा करून वाचलं की झालं.

आता त्या मुलीकडे परत येते, कारण मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते तिच्या उत्तरपत्रिकेत आहे. तिला ७० पडले, म्हणजे ३० गेले. ते कुठे गेले? मी तिला शेजारी बसवून पेपर उघडला. नऊ मार्क बीजगणितात, कंस सोडवताना वजाचं चिन्ह आत न नेल्यामुळे, वेगवेगळ्या प्रश्नांत तीच एक चूक. नऊ भूमितीत, एक सिद्धता येतच नव्हती. आणि बारा मार्कांचे शेवटचे प्रश्न कोरे, वेळ संपला. वेळ का संपला, तेही पेपरात दिसत होतं: पहिल्या विभागात प्रत्येक आकृती आधी पेन्सिलीने काढलेली, मग पेनाने गिरवलेली, बाजूला पट्टीने समास, उत्तराखाली दुहेरी रेघ. प्रश्न येत होते, फक्त तिथे पोचायला वेळ उरला नव्हता. चिन्हाची चूक आठवडाभराच्या सरावात जाते. सिद्धता पाठ करून भागत नाही, ती समजून घ्यावी लागते, तिला वेळ द्यावा लागतो. आकृत्या गिरवणं मात्र त्याच दिवशी थांबवता येतं. सेवेच्या पहिल्या पानाला हे तिन्ही प्रकारे गेलेले मार्क एकसारखेच दिसतात. ३० मार्क चिन्हांत गमावलेली मुलगी आणि ३० मार्क न समजलेल्या धड्यांत गमावलेली मुलगी, दोघींना ती ७४ च सांगते.

म्हणूनच मी प्रश्नवार मार्क भरण्याचा आग्रह धरते. तशी सोय सेवेत आहे आणि तिचा गाजावाजा कोणी करत नाही. प्रत्येक प्रश्नाला धडा आणि प्रकार जोडायचा, मग मुलागणिक प्रत्येक प्रश्नाचे मार्क भरायचे. काम किचकट आहे, मार्कांच्या फाइलमधली शीर्षकं त्यांच्या नमुन्याशी अक्षर न् अक्षर जुळावी लागतात, नाहीतर फाइल परत येते. पण एकदा भरलं की जो तक्ता निघतो तो सोन्यासारखा आहे. कोणता धडा पूर्ण वर्गाचा कच्चा आहे, कोणता ठरावीक मुलांचा, कोणत्या मुलांचे शेवटचे प्रश्न नेहमी कोरे राहतात, सगळं एका पानावर. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांचे मार्क एकाच धड्यात जात होते. तो धडा मी पुन्हा पहिल्यापासून शिकवला. अंदाजाच्या आकड्याने मला हे कधीच सांगितलं नसतं.

सराव परीक्षेला आपण थर्मामीटर समजतो, ताप मोजला आणि बाजूला ठेवलं. तिचं तसं नसतं. रोडिगर आणि कारपिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी वाचलेलं आठवून लिहिण्याची चाचणी दिली. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा चाचणी देणारे पुढे गेले. आठवण्याचा प्रयत्न करण्यातच शिकणं होतं. मग प्रत्येक सराव परीक्षा मुलाला थोडं बदलते, आणि आपण त्याच परीक्षेवरून त्याचं पुढचं ठरवतो. त्यातून अंदाज कळल्यावर मूल आणखी बदलतं. ज्यांची वर्तुळं लाल होती त्यांना आम्ही शाळा सुटल्यावर बसवलं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी अंदाज ओलांडला. सेवेच्या हिशेबी ती चूक नोंदली गेली. माझ्या मते सेवेचा खरा उपयोग तिथेच झाला. आणि ज्या मुलांना ८८ चा आकडा घरी कळला होता, त्यांतल्या काहींच्या वह्या शेवटच्या महिन्यात कोऱ्या राहू लागल्या, हेही मी बघितलं आहे.

मुलांच्या माहितीबद्दल थोडक्यात. नावं भरू नका, हजेरी क्रमांक भरा. सेवा तेवढ्यावर व्यवस्थित चालते. कोणता क्रमांक कोणाचा ही यादी शाळेत राहू द्या. वर्ष संपल्यावर माहिती पुसून टाकू असं कंपनीकडून लेखी घ्या. आमच्याकडे करारात ते नव्हतं, मागितल्यावर घातलं.

वापरायला सेवा सोपी आहे. फोनवरही उघडते, छपाई स्वच्छ येते, मदतकेंद्र फोन उचलतं. मराठीतून पान बघण्याची सोय आहे, फक्त काही शब्द घाईत बसवल्यासारखे आहेत आणि पालकांना ते समजावून सांगावे लागतात.

घ्यायची असेल तर पैसे भरण्याआधी एक गोष्ट करा. मागच्या तुकडीचे सराव परीक्षेचे मार्क कंपनीला द्या, निकाल देऊ नका. प्रत्येक मुलाचा आकडा, पट्टा आणि शक्यता लेखी मागा. सोबत तुमच्या शाळेतल्या अनुभवी शिक्षकाचा अंदाज आणि वर सांगितलेली साधी सरासरीची रीत, असे तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि मग निकाल काढा. ज्या विषयात सेवा बाकी दोघांच्या पुढे असेल तेवढ्याच विषयांसाठी ती घ्या. आमच्या शाळेने नूतनीकरणाच्या वेळी ही अट घातली. प्रतिनिधीने थोडे आढेवेढे घेतले, पण कंपनीने ती मान्य केली. यंदा आम्ही गणित आणि विज्ञानासाठीच सेवा घेतली आहे, आणि पालकांसाठीच्या छपाईतून पहिलं पान काढून टाकलं आहे.